एलडी, एलएलडी आणि एचडी यांचे मिश्रण: प्रमाण ठरवण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा. ४५ मिलिमीटर स्क्रूच्या एकपदरी यंत्रावर आपण आजवर शुद्ध एलडीची (कमी घनतेच्या पॉलिइथिलीनची) फिल्म काढत होता. ग्राहकाने जाडी कमी करून ताकद तीच मागितली, म्हणून आपण ७० टक्के एलएलडी (सरळ साखळीचे कमी घनतेचे पॉलिइथिलीन) घातले. तेव्हा मोटरचे अँपिअर चढले, फिल्म खरखरीत निघाली आणि यंत्रातून नळीसारखा वर निघणारा, हवेने फुगवलेला फिल्मचा फुगा डोलू लागला. त्यावर कोणाच्या सांगण्यावरून २० टक्के एचएम दाणा (जास्त रेणुभाराचे एचडी, म्हणजे जास्त घनतेचे पॉलिइथिलीन) घातला, तर फिल्म ताठ झाली खरी, पण लांबीच्या दिशेने उभी फाटू लागली आणि तिच्यात न वितळलेले ठिपके दिसू लागले. आता पुनर्वापराचा दाणा किती चालेल, त्यात थोडे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आले तर बिघडते का, आणि याच फिल्मवर पॉलिहाउसचे काम घेता येईल का, असे आपण विचारले आहे.

आपण पोत्यावरच्या दोन आकड्यांवर, म्हणजे घनता आणि एमएफआय (वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा) यांवर, विसंबून मिश्रण ठरवले, आणि बहुतेक सगळे असेच करतात. त्या आकड्यांत खोटे काही नाही. पण फिल्म कशी वागेल हे ज्याच्यावर ठरते, ती रेणूच्या साखळीची घडण त्यांत दिसत नाही. म्हणून प्रमाणाकडे वळण्यापूर्वी घडणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

पॉलिइथिलीन हे एकच प्लास्टिक असल्यासारखे आपण बोलतो, परंतु आपल्या हॉपरमधले तीन दाणे तीन निरनिराळ्या प्रक्रियांतून जन्मलेले आहेत. पहिले पॉलिइथिलीन २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना जवळजवळ अपघातानेच मिळाले. प्रचंड दाबाखाली इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांचा संयोग घडवण्याचा त्यांचा प्रयत्न होता; तो फसला आणि पात्राच्या तळाशी पांढरा, मेणचट पदार्थ उरला. आजचे एलडी याच वाटेने, एक हजार ते तीन हजार वातावरणांच्या दाबाखाली तयार होते. त्या दाबात वाढणारी साखळी अधूनमधून स्वतःकडेच वळते आणि तिला आखूड फाटे फुटतात. शिवाय मुख्य साखळीच्या तोडीच्या काही लांब शाखाही फुटतात. एलडीच्या रेणूला मी नेहमी बाभळीच्या फांदीची उपमा देतो. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी दाबावर सरळ, जवळजवळ विनाशाखा साखळी मिळवली. अमेरिकेत फिलिप्स कंपनीतही त्याच सुमारास क्रोमियमचा उत्प्रेरक वापरून तसेच पॉलिमर तयार झाले. ते एचडी. एलएलडी हे त्याच कमी दाबाच्या घराण्यातले धाकटे भावंड असून त्यात इथिलीनबरोबर ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन मुद्दाम थोडे घातलेले असते. त्यामुळे सरळ साखळीवर दोन, चार किंवा सहा कार्बनचे आखूड फाटे येतात, पण लांब शाखा मात्र एकही नसते.

साखळ्या सरळ असल्या की त्या एकमेकींना लागून घडी घालून बसतात आणि स्फटिक बनतात. फाटे असले की बसायला अडचण होते. एचडीची घनता ०.९४१ च्या वर आणि वितळांक १३० ते १३५ अंश सेल्सिअस, तर एलडीची घनता ०.९१५ ते ०.९३० आणि वितळांक १०५ ते ११५ अंश, याचे कारण एवढेच आहे. एलएलडीच्या घनतेचा आकडा एलडीच्याच पट्ट्यात असतो, पण ते १२० ते १२५ अंशांना वितळते, कारण त्यातले फाटे साखळ्यांवर समप्रमाणात वाटलेले नसतात. काही साखळ्यांवर फार थोडे फाटे असतात आणि त्या साखळ्या जाड, चिवट स्फटिक बनवतात. एका स्फटिकातून निघून शेजारच्या स्फटिकात शिरणाऱ्या साखळ्या त्या दोहोंना दोरीसारख्या बांधून ठेवतात. फिल्मची खरी ताकद या बांधणाऱ्या साखळ्यांत असते. एलएलडीमध्ये त्या पुष्कळ असतात, म्हणून तीच घनता असूनही ते भोसकायला आणि फाडायला एलडीपेक्षा कठीण जाते. फाटा जितका लांब तितकी ही बांधणी चांगली. ब्युटीनपेक्षा हेक्झीनची आणि हेक्झीनपेक्षा ऑक्टीनची फिल्म चिवट असते आणि दाणाही त्याच क्रमाने महागतो.

आता आपल्या यंत्रावर काय घडले ते पाहू. एमएफआय मोजताना १९० अंशांवर २.१६ किलोच्या वजनाने वितळलेला लगदा छोट्या छिद्रातून ढकलतात आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम आला ते पाहतात. हा प्रवाह संथ असतो. स्क्रूमध्ये आणि डायच्या (लगदा बाहेर सोडणाऱ्या गोल साच्याच्या) फटीत मात्र लगदा कितीतरी वेगाने घसटला जातो. लांब शाखांचे एलडी त्या वेगात झपाट्याने पातळ होते. सरळ साखळीचे, रेणूंच्या लांबीत फारसा फरक नसलेले एलएलडी तितके पातळ होत नाही. दोन्ही पोत्यांवर एमएफआय १ लिहिलेले असले, तरी डायमध्ये एलएलडी हे एलडीपेक्षा बरेच घट्ट असते. आपल्या मोटरचे अँपिअर त्यामुळेच चढले. लगदा डायच्या ओठातून बाहेर पडताना त्याचा पृष्ठभाग एकदम ताणला जातो आणि तो ताण न सोसल्यामुळे बारीक तडकतो. आपल्याला दिसलेली खरखर म्हणजे हेच मेल्ट फ्रॅक्चर. डायबाहेर मात्र चित्र नेमके उलटे होते. एलडीचा लगदा ताणावा तसा ताठ होत जातो, कारण लांब शाखा एकमेकींत अडकतात, आणि म्हणून त्याचा फुगा स्थिर उभा राहतो. एलएलडीच्या साखळ्या ताणल्यावर एकमेकींवरून घसरत जातात आणि फुगा वाऱ्याच्या झुळकीनेही डोलतो. थोडक्यात, एलएलडी डायच्या आत हट्टी आणि बाहेर ढिले असते, आणि एलडीसाठी बांधलेल्या यंत्राला या दोन्ही गोष्टी जड जातात.

उपाय दोन वाटांनी करता येतो. यंत्राला हात लावायचा नसेल, तर मिश्रण एलडीप्रधान ठेवावे: ७० टक्के एलडी आणि ३० टक्के एलएलडी. एलडीच्या बहुतेक यंत्रांवर एवढे एलएलडी तापमान थोडे वाढवून निघते. यात फिल्मची ताण सोसण्याची ताकद, लांबणे आणि सीलची ताकद वाढते, जाडीही थोडी उतरवता येते. मात्र फाडण्याला होणारा विरोध शुद्ध एलएलडीच्या जवळपासही जाणार नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे. जाडी खऱ्या अर्थाने कमी करायची असेल, तर एलएलडी ७० ते ८० टक्के आणि एलडी २० ते ३० टक्के असे मिश्रण ठेवावे लागेल. पण त्यासाठी डायची फट ०.८ ते १ मिलिमीटरवरून १.५ ते २.५ मिलिमीटरपर्यंत वाढवणे आणि चांगली, शक्यतो दोन ओठांची, एअर रिंग (फुग्यावर थंड हवा सोडणारे कडे) बसवणे आवश्यक आहे. खरखरीवर फ्लोरोपॉलिमरचे प्रोसेसिंग एड उपयोगी पडते. त्याचा पातळ थर डायच्या धातूवर बसावा लागतो आणि त्याला अर्धा ते एक तास लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण पंधरा मिनिटांत निराश होऊन मास्टरबॅच (पूरक द्रव्य दाट मिसळलेला दाणा) दुप्पट करतात. फिल्म चिकटू नये म्हणून घातलेली टाल्क किंवा सिलिका हा थर खरवडते किंवा एडच शोषून घेते; दोन्ही मास्टरबॅच एकाच वेळी सुरू करू नयेत, आधी एड, आणि डायवरची खरखर थांबल्यावर दुसरे.

या दुसऱ्या मिश्रणातले एलडी ३० टक्क्यांच्या वर नेण्याचा मोह टाळावा. १० ते ३० टक्के एलडीने फुगा सावरतो आणि फिल्मचा धूसरपणाही कमी होतो, म्हणून ते हवेहवेसे वाटते. परंतु लांब शाखांचे रेणू ओढीच्या दिशेने ताणले गेले की पुन्हा सैल व्हायला वेळ घेतात, आणि तेवढ्यात फिल्म गोठते. ओढीच्या दिशेने ओळीत गोठलेली रचना त्याच दिशेने सहज फाटते. एलएलडीमध्ये एलडी वाढवत गेल्यावर उभ्या फाटीचा आकडा प्रमाणात न उतरता एकदम घसरतो, तो यामुळे.

आपल्या एचएमच्या प्रयोगातही अशीच गोष्ट घडली, फक्त आणखी तीव्रतेने. एचएमची सळसळणारी पातळ पिशवी सर्वांच्या परिचयाची आहे. ती मजबूत असते, कारण तिचा फुगा निराळ्या पद्धतीने फुगवतात. डायबाहेर आल्यावर लगदा आधी अरुंद, उंच मानेसारखा वर चढतो, ती मान डायच्या व्यासाच्या सहा ते दहा पट उंच असते, आणि मग एकदम चारपट फुगतो. उंच मानेत उभा ताण सैल होतो आणि शेवटच्या फुगण्यात आडवा ताण मिळतो, त्यामुळे दोन्ही दिशांचा समतोल साधतो. आपले यंत्र डायला लागूनच दोन-अडीच पट फुगवणारे आहे. त्यावर एचएम घातले की आडव्या ताणाला अवसरच मिळत नाही आणि फिल्म लाकडाच्या ढलपीसारखी उभी चिरते. ठिपक्यांचे कारण वेगळे आहे. एचएमचा एमएफआय ०.०५ च्या आसपास असतो, म्हणजे आपल्या एलएलडीच्या सुमारे विसावा भाग. पातळ पिठात घट्ट गोळा टाकून पळी फिरवली, तर पीठ पळीभोवती फिरते आणि गोळा तसाच राहतो. मिक्सिंगचा भाग नसलेल्या स्क्रूमध्ये तेच होते. ताठपणाच हवा असेल, तर एचएमऐवजी एमएफआय एकच्या जवळ असलेले फिल्मचे एचडी ८ ते १० टक्के घालून पाहावे. एलएलडी आणि एचडी या दोन्ही सरळ साखळ्या असल्यामुळे काही अंशी त्या एकाच स्फटिकात बसतात. एलडी आणि एचडी मात्र लगद्यात एकत्र दिसले तरी थंड होताना बहुतांशी आपापले वेगळे स्फटिक बनवतात.

येथे माझ्याच एका चुकीबद्दल लिहिणे उपयोगाचे ठरेल, कारण एमएफआयवर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत मी मोजलेली आहे. उमेदीच्या काळात मी द्रवरूप धुलाईच्या साबणासाठी पाच लिटरचे एचडीचे कॅन काढत असे. कॅनच्या मुठीपाशी लगदा नीट भरत नव्हता, म्हणून ०.३ एमएफआयच्या ब्लो मोल्डिंगच्या दाण्यात मी बादल्यांसाठीचा, एमएफआय ८ चा दाणा २५ टक्के मिसळला. कॅन सुरेख निघाले. पाणी भरून उंचावरून टाकले तरी फुटले नाहीत. माल गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाच्या गोदामात मुठीच्या मुळाशी बारीक चिरा पडून कॅन गळू लागले. साबणाने प्लास्टिक विरघळले नव्हते, फुगलेही नव्हते. ताण असलेल्या जागी साबणाचे रेणू अस्फटिकी भागात शिरतात आणि स्फटिकांना बांधणाऱ्या साखळ्या हळूहळू सुटून निघतात. लांब साखळ्या खोलवर गुंतलेल्या असल्याने तग धरतात, आखूड साखळ्या चटकन निसटतात. एमएफआय वाढवणे म्हणजे आखूड साखळ्या वाढवणे, आणि मी २५ टक्क्यांनी नेमके तेच केले होते. पाण्याच्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही. तेव्हापासून साबण, तेल किंवा कीटकनाशक यांच्या संपर्कात येणारी कोणतीही वस्तू मी खाच पाडून, वाकवून, ५० अंशांच्या साबणाच्या द्रावणात ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही.

पुनर्वापराच्या दाण्याकडे वळू. आपल्याच यंत्रावरची स्वच्छ कातरण १० ते १५ टक्के परत घालण्यास माझी हरकत नाही. बाजारातून येणारा दाणा निराळा. पॉलिइथिलीन वारंवार वितळवले की त्याच्या साखळ्या प्रामुख्याने एकमेकींना जुळत जातात, एमएफआय उतरतो आणि फिल्ममध्ये जेलचे डोळे, म्हणजे न वितळणाऱ्या बारीक गाठी, दिसू लागतात. पीपीचे याच्या उलट होते. त्याच्या साखळ्या तुटतात आणि एमएफआय चढतो. दोन्ही एकत्र असलेल्या दाण्यात एक बिघाड दुसऱ्याला झाकतो आणि चाचणीचा आकडा अगदी सोज्वळ येऊ शकतो. पीपी आणि पॉलिइथिलीन दिसायला सारखेच मेणचट, दोन्ही पाण्यावर तरंगणारे, दोन्ही कार्बन-हायड्रोजनचेच. तरी लगद्यातही ते एकजीव होत नाहीत. पीपीचे थेंब वेगळे राहतात, त्यांच्या आणि पॉलिइथिलीनच्या सीमेवर पकड नसते, आणि ताण आला की फिल्म त्या सीमेवरूनच सुटते. शिवाय पीपी १६० अंशांच्या वर वितळते. आपण एलडीच्या तापमानावर चालत असाल, तर त्याचे कण धड वितळणारही नाहीत. दोघांचे तुकडे आलटूनपालटून जोडलेल्या खास रेणूंनी ही सीमा सांधता येते, असे २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले आहे. पण बाजारात सांधणारा म्हणून मिळणारा प्रत्येक मास्टरबॅच ते काम करीलच असे समजू नये. पातळ फिल्मसाठी माझे उत्तर स्पष्ट आहे: पीपी अजिबात नको. त्याच दाण्यातून जाड पाइप, कुंड्या किंवा पत्रे काढणाऱ्याला पुष्कळ माफ होते, कारण तिथे भिंत जाड असते.

दाणा पारखण्याचे काही घरगुती मार्ग आहेत. पाण्यात बुडणाऱ्या दाण्यात खडूची भुकटी किंवा अन्य प्लास्टिक आहे असे समजावे. स्वच्छ पॉलिइथिलीन जळताना खाली निळसर ज्योत दिसते, थेंब गळतात आणि विझवल्यावर मेणबत्तीचा वास येतो. पण पीपीची लक्षणेही जवळपास हीच असल्यामुळे त्यांच्यावर पीपी ओळखता येत नाही. एलडी आणि एचडी वेगळे करण्यासाठी पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडे थोडे मिसळत जावे, म्हणजे एका टप्प्यावर एलडी तरंगते आणि एचडी तळाशी जाते. हे काम ज्योतीपासून दूर करावे. पीपी ओळखण्यासाठी मी दाण्याची पातळ चकती दाबून ती हाताने ताणतो: चांगले पॉलिइथिलीन लांबत जाते, पीपी मिसळलेले तंतू सुटत थोडक्यात तुटते. शंका राहिली तर प्रयोगशाळेतून डीएससी (नमुना तापवत नेऊन तो कोणत्या तापमानाला वितळतो ते टिपणारी चाचणी) करून घ्यावे. १६० अंशांच्या पुढचा उंचवटा पीपीची साक्ष देतो. दूध किंवा अन्य खाद्यपदार्थांच्या फिल्ममध्ये मात्र बाजारातला पुनर्वापराचा दाणा एक टक्काही घालू नये. तेथे आयएस १०१४६ या मानकात बसणाराच नवा दाणा हवा.

दुधाच्या पिशवीचा उल्लेख निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट. या पिशवीची गळती फिल्म फाटल्याने क्वचितच होते. ती बहुधा सीलमधून होते. यंत्र सील करते आणि सील गरम असतानाच वरून दुधाचा भार येतो. त्या क्षणी सील किती धरून ठेवते याला हॉट टॅक म्हणतात, आणि त्यात एलएलडी एलडीपेक्षा सरस आहे. आपण पुढे त्या कामात उतरणार असाल, तर एलएलडीप्रधान मिश्रणाची तयारी आतापासूनच करावी.

पॉलिहाउसच्या फिल्मबद्दल माझा सल्ला नकाराचा आहे, निदान या यंत्रावर. उन्हातील अतिनील किरणांनी साखळ्यांवर कार्बोनिल गट तयार होतात, साखळ्या तुटतात आणि फिल्म पापडासारखी कुडकुडते. काळ्या फिल्ममध्ये दोन ते अडीच टक्के कार्बन ब्लॅक हे उत्तम संरक्षण आहे. पारदर्शक फिल्मला हाल्स (हिंडर्ड अमाइन) वर्गाची स्थिरके लागतात. ही स्थिरके प्रवृत्तीने आम्लारीसारखी असतात, आणि गंधकाची किंवा क्लोरीनयुक्त औषधांची फवारणी झाली की त्यातून तयार होणारी आम्ले त्यांना निकामी करतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात भुरीसाठी गंधक हे नित्याचे औषध आहे. तीन वर्षे टिकण्याच्या बोलीवर घेतलेली फिल्म दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटली, तर शेतकरी दाण्याला दोष देतो, विक्रेता उन्हाला, आणि फवारणीची वही कोणी उघडत नाही. पाइपला टेकलेली पट्टी आधी जाते, कारण तिथे धातू तापतो. तिथे पाइपला पांढरा रंग दिला तरी फरक पडतो. अशा बागांसाठी गंधकाला तोंड देणारी खास स्थिरके मिळतात, परंतु ती महाग असतात आणि २०० मायक्रॉनच्या तीनपदरी फिल्ममध्येच नीट मांडता येतात. एकपदरी यंत्रावर त्या टिकाऊपणाची हमी आपण लिहून देऊ नये. काळी मल्चिंग फिल्म मात्र एलएलडीप्रधान मिश्रणात, चांगला कार्बन मास्टरबॅच वापरून आपण काढू शकाल.

पहिल्या चाचणीसाठी ७०:३० चे एलडीप्रधान मिश्रण घ्यावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक रोलवर तापमान, अँपिअर, डायचा दाब व फुगण्याचे प्रमाण लिहून ठेवावे. फिल्म यंत्रावरून उतरताच फाडून पाहिली तर फसगत होईल. पॉलिइथिलीनचे स्फटिकीकरण पुढेही काही काळ चालू राहते आणि निसरडेपणासाठी घातलेले द्रव्य पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. म्हणून पट्ट्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी कापून ४८ तासांनंतर तपासाव्यात, आणि ग्राहकाचा नमुनाही त्याच रोलमधून, तेवढाच वेळ थांबून द्यावा.